प्रवेश विनामूल्य

मराठी भाषा गरीब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'पैसे न देता' या अर्थाचे शब्द एकदा मोजून पाहावेत. मोफत, फुकट, विनामूल्य, निःशुल्क, चकटफू. हे सगळे समानार्थी आहेत असं शाळेत शिकवतात, पण त्यावर विश्वास ठेवू नये. डोळ्यांची तपासणी 'मोफत' असते. गाण्याच्या कार्यक्रमाचा प्रवेश 'विनामूल्य' असतो. मित्राच्या पासावर पाहिलेलं नाटक 'चकटफू' असतं. अर्जाचा नमुना 'निःशुल्क' मिळतो आणि तो भरून दिल्यावर आपले श्रम 'फुकट' जातात.

आम्हा कंधारकरांचं तर या शब्दाशी खास नातं आहे. भाई केशवराव धोंडगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं जी शिक्षणसंस्था काढली, तिचं नावच 'श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी'. जगात पुष्कळ संस्था मोफत शिकवत असतील, पण तो शब्द पाटीवर मधोमध लिहिण्याची छाती आमच्याकडच्या माणसाची. भाई २०२३ च्या १ जानेवारीला, वयाची शंभरी ओलांडून गेले. मन्याडच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांत पहिली पाटी-पेन्सिल आली ती या शब्दाचं बोट धरून. त्यामुळे 'मोफत' म्हटलं की कंधारचा माणूस लाजत नाही. तो आधी टोपी सारखी करतो आणि मग पिशवी शोधतो.

कलेच्या बाबतीतही आम्ही फुकटेच, आणि तेसुद्धा आजकालचे नव्हे. राष्ट्रकूटांच्या काळी कंधार हे केवढंतरी नगर होतं. त्यांनी किल्ला दिला, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव दिला. आमच्या शेजारच्या मानसपुरीला क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडले. एकेक तुकडा असा, की अखंड मूर्ती उभी राहिली असती तर तिच्या तोंडाकडे बघताना डोक्यावरची टोपी मागे पडली असती. मोठ्या शहरात अशा मूर्तीच्या नखालासुद्धा काचेची पेटी आणि शेजारी हाताची घडी घातलेला पहारेकरी मिळाला असता. आमच्याकडची पोरं लहानपणी असल्या दगडांवर बसून बोरं खात. हाजी सय्याह सरवरे मगदूम यांच्या दर्ग्याचा उरूस भरला, की आमचे वडील गळ्यात उपरणं टाकून कव्वाली ऐकायला निघत. तिकीट काढून गाणं ऐकतात हे मला नांदेडला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि कळल्यावर काही दिवस खरं वाटलं नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे आमची मुलगी. ती मुंबईला असते. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हा उभयतांना बोलावून घेतलं आणि जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या आपल्याला काळा घोडा बघायला जायचंय. सगळं फ्री असतं."

मी म्हटलं, "घोडाच बघायचा तर मालेगावच्या यात्रेत पाहिजे तेवढे मिळतील. काळे, पांढरे, अबलख. त्यासाठी तपोवन एक्स्प्रेसनं दिवसभर कंबर मोडून यायची काय गरज होती?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, की काळा घोडा ही मुंबईच्या फोर्ट भागातली जागा आहे आणि १९९९ पासून तिथं दरवर्षी कलेचा महोत्सव भरतो. जागेला नाव मिळालं ते सातव्या एडवर्डच्या काळ्या अश्वारूढ पुतळ्यावरून. तो पुतळा १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. म्हणजे पन्नासएक वर्षं लोक घोडा नसलेल्या जागेला काळा घोडा म्हणत राहिले! शेवटी २०१७ मध्ये तिथं दुसरा घोडा उभा केला, पण यावेळी पाठीवर राजा नाही. आमच्या हिला हे फार आवडलं. ती म्हणाली, "बरं झालं. घोड्याला तेवढाच इसावा."

गर्दी म्हणजे गर्दी! रस्ताभर माणसं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा फोटो काढत होता. सगळीकडे प्रवेश विनामूल्य. मी तर जहांगीर कलादालनात तासभर नुसता हिंडलो. १९५२ पासून ते उभं आहे. तिथं चित्र बघायला पैसे पडत नाहीत. न कळायलाही पडत नाहीत. मी प्रत्येक चित्रासमोर दोन मिनिटं उभा राहायचो, एक पाऊल मागं सरायचो, मान तिरकी करायचो आणि पुढं जायचो. चारपाच चित्रं झाल्यावर माझ्यामागून येणारे दोघेजण माझ्याकडे बघून मान तिरकी करू लागले.

इकडे ही नातीला घेऊन एका कार्यशाळेत जाऊन बसली. पाटीवर 'जुन्या कापडातून नवी कला' असं काहीतरी लिहिलेलं होतं. आत एक चुणचुणीत मुलगी दहाबारा जणांना गोधडी शिकवत होती. कापडांचे चौकोन, रंगीत दोरे, सुया, सगळं संयोजकांचं. ही पाच मिनिटं गप्प राहिली. सहाव्या मिनिटाला तिला राहवेना.

"बाई, दोरा एवढा लांब नको घिऊ. गुंतून बसतंय. आन् आधी मधून टाकावं, मग कडंला जावं. कडंपासून शिवलीस तर मधी फुगा यील."

त्या मुलीच्या गोधडीत खरोखरच मधे फुगा आलेला होता. ती मुलगी मोठी गुणाची. तिनं सरळ आपली खुर्ची हिला दिली आणि स्वतः सतरंजीवर बसली. पुढची चाळीस मिनिटं कंधारच्या वाकळीचा तास झाला. बाहेर रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. एकानं मला विचारलं, "या कुठल्या संस्थेच्या?" मी म्हटलं, "आमच्याच."

बाहेर पडलो तर पुढच्या एका दुकानात तशीच गोधडी टांगलेली. हिनं कोपऱ्याला लावलेली चिठ्ठी हातात घेतली, उलटून बघितली, पुन्हा सुलटून बघितली. तिला आधी तो टेलिफोनचा नंबर वाटला. मग मला विचारलं, "साडेचार हजार?" मी मान हलवली. त्यानंतर घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

परतीच्या प्रवासातही मनमाड येईपर्यंत शांतता होती. मनमाडला चहा घेताना तिनं विचारलं, "आपल्या घरात वाकळी किती?"

"असतील धाकट्या-थोरल्या अकरा."

ती पुटपुटत हिशेब करू लागली. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, येईस्तोवर हिशेब पूर्ण झाला. "साडेएकोणपन्नास हजार! पन्नास हजारावर आपण निजलाव रोज, आन् तुमी खुशाल घोरताव!"

तेव्हापासून आमच्या घरात वाकळीवर चहाचा कप ठेवायला बंदी आहे.

मुंबईचं एक सोडा. पण आपल्या भागातही आता असली विनामूल्य चैन होऊ लागली आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तोपर्यंत आमच्या पिढीला पदवीच्या कागदासाठी १९५८ साली निघालेल्या औरंगाबादच्या विद्यापीठाकडे तोंड करून बसावं लागे. आता विद्यापीठ घराजवळ आलं आणि त्याच्याबरोबर युवक महोत्सवही आला. हा महोत्सव कधी या कॉलेजात, कधी त्या कॉलेजात भरतो. तीनचार दिवस पोरं नाचतात, गातात, चित्रं काढतात, मातीची शिल्पं करतात, रांगोळ्या घालतात, पोवाडे म्हणतात आणि रात्री जागून आवाज बसवून घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांचंच गायन असतं.

मागच्या खेपेला महोत्सव आमच्यापासून जवळच्या एका कॉलेजात होता. मी आणि ही दोघंही गेलो. फुकट कार्यक्रमाला जाणाऱ्या माणसांचे काही ठरलेले प्रकार असतात, ते सगळे तिथं हजर होते. एक, जागा धरणारे. यांच्याजवळ रुमाल, छत्री, पिशवी आणि एक नातू एवढं साहित्य असतं आणि त्यावर सहा खुर्च्या अडतात. दुसरे, चौकशी करणारे. यांना कार्यक्रम कोणता हे कळण्याच्या आधी चहा केव्हा हे कळायला हवं असतं. तिसरे, शेवटच्या रांगेतले टीकाकार. "आमच्या वेळी असं नव्हतं," हे त्यांचं ध्रुपद. पण यांच्यातला एकही शेवटच्या पारितोषिकापर्यंत हलत नाही. दहा रुपयांचं तिकीट असतं, तर हे तिघेही घरीच राहिले असते आणि मांडवात पाहुण्यांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या असत्या.

एका वर्गाच्या दारावर पुठ्ठ्यावर 'कलादालन' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. पुठ्ठा जरा लहान पडला होता, त्यामुळे खालचं 'प्रयोगशाळा' तेवढं दिसत होतं. मला वाटतं, दोन्ही मिळून वर्णन बरोबर होत होतं. आत व्यंगचित्रं, भित्तिपत्रकं, कागद चिकटवून केलेली चित्रं. जमिनीवर रांगोळ्या. आमची ही रांगोळीपुढं थबकली. एका पोरानं थोर पुरुषाचा चेहरा असा काढला होता, की मिशीचा केस न् केस मोजावा. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लई झ्याक. पण ठिपके कुठं हायेत?"

मातीकामाच्या स्पर्धेला अडीच तास दिलेले होते. तेवढ्यात पोरांनी आई-लेकरू, बैलजोडी, पाण्याला निघालेली बाई, काय काय उभं केलं होतं. आमच्या गल्लीतला कुंभार माझ्या शेजारी उभा होता. त्यानं एका बैलाच्या पाठीवर हळूच बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाला, "हात चांगलाय पोराचा. पण भट्टीत टाकला तर तडकंल. पोट भरीव ठिवलंय." ज्या पोराचा बैल होता तो लगेच वही काढून लिहून घेऊ लागला. शिक्षण म्हणतात ते हेच असावं. तासाची घंटा झालेली नव्हती, फी भरलेली नव्हती, आणि गुरूच्या हातात बाजाराची पिशवी होती.

परीक्षकांनी गुण दिले, फोटो निघाले आणि मग पोरांनी ती शिल्पं मोडून माती परत टोपल्यात टाकायला सुरुवात केली. ही कळवळली. "अरे, मोडायलाव कामून? सगळं फुकट गेलं की!"

"नाही काकू," एक मुलगी म्हणाली, "माती परत वापरायची असते. तुम्ही करता का काही?"

म्हणेपर्यंत शाळेतली पोरं त्या टोपल्यांवर तुटून पडली. कॉलेजच्या मुलांनी त्यांना ओळीत बसवलं आणि प्रत्येकाला एकेक गोळा दिला. अर्ध्या तासात व्हरांड्यात वीसेक नंदी आणि तेवढेच नाग उभे राहिले. एका पोरानं मोबाइल केला होता. ही चिखलाचे हात घेऊन त्यांच्यात बसली होती आणि चूल करून दाखवत होती.

आता महोत्सवातली खरी गोष्ट. आमच्या घरामागं एक गोंधळीमामा राहतात. पंचाहत्तरीचे असतील. लग्न झालं, की मामांचं संबळ, तुणतुणं आणि दिवटी घरोघर जायची. संबळ म्हणजे दोन तोंडांची जोडी, कमरेला बांधलेली, आणि काठ्यांनी वाजवायची. मामांनी पहिली थाप दिली, की गल्लीतली झोपलेली लेकरं उठून बसत आणि उठलेली म्हातारी माणसं हात जोडत. पण गेल्या काही वर्षांत नवरदेवापुढं डीजे आला आणि मामांच्या संबळावर धूळ बसली. नातू बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. आजा गोंधळी आहे हे त्यानं कॉलेजात कुणाला सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर "शेती बघतात," म्हणायचा. मामांना दीड एकर शेत आहे, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

त्याच्या कॉलेजला लोकवाद्यवृंदासाठी संबळ वाजवणारा हवा होता. सरांनी गावोगाव चौकशी केली आणि फिरत फिरत मामांच्याच दारात येऊन उभे राहिले. नातू तेव्हा घरात आंघोळ करत होता. तो बाहेर आला तो डोक्याला साबण तसाच ठेवून.

त्यानंतर महिनाभर आमच्या मागल्या अंगणात रोज संध्याकाळी संबळ, हलगी, तुणतुणं, डिमडी असा दणका. मामा शिकवायचे. तोंडानं बोल म्हणायचे, चुकलं की काठी संबळाऐवजी पोराच्या मांडीवर पडायची. घ्यायचं काय? चहा. तोसुद्धा आमच्याच घरचा. मी एकदा हिशेब घातला, तर महिन्याला साखर तीन किलो जास्त गेली होती.

महोत्सवाच्या दिवशी मामा तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी होते. खुर्चीवर बसेनात, कडेला उकिडवेच बसले. नियमाप्रमाणे रंगमंचावर फक्त विद्यार्थी. नातवानं कमरेला संबळ बांधलं आणि पहिली थाप दिली. मामांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. मधे एका ठिकाणी पोरगं किंचित पुढं पळालं. मामा हलक्या आवाजात "दमानं, दमानं" म्हणाले, आणि खरंच पोरगं दमानं आलं. एवढ्या गलक्यात ऐकू गेलं असणं शक्य नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत झालं ते असं झालं.

दुसरा नंबर आला. सूत्रसंचालकानं सहज विचारलं, "संबळ कुठं शिकलास?" पोरगं क्षणभर थांबलं. मला वाटलं आता हा पुन्हा शेती बघतो की काय! पण ते ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणालं, "आमच्या घरात. आमचं घर गोंधळ्याचं हाय." टाळ्या पडल्या. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली वाकून बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत होते.

परीक्षकांना शाल, नारळ आणि पाकीट मिळालं. पाहुण्यांना शाल, नारळ. मामांना चहाचं कूपन मिळालं, आणि तेही मी रांगेत उभं राहून आणलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. 'प्रशिक्षक' म्हणून जो कागद भरायचा असतो, त्यात मामांना बसवायला रकानाच नव्हता.

पण बातमी गावात फिरली. दिवाळीनंतर आमच्या पुतण्याचं लग्न होतं. डीजे ठरल्यासारखाच होता. हिनं एकदम जाहीर केलं, की घरात गोंधळ होईल, रीतसर, आणि मामांचाच. मामांना बोलावलं. मामांनी आकडा सांगितला. आमचे थोरले बंधू व्यवहाराला पक्के. ते म्हणाले, "मामा, एवढे कसे? त्या दिवशी पोरांना महिनाभर फुकट शिकवलाव न्हवं?"

मामा शांतपणे म्हणाले, "ते शिकवलेलं देवाचं होतं, पाटील. हे वाजवणं पोटाचं हाय. देवाच्या हिशेबात पोट घालत न्हाई, आन् पोटाच्या हिशेबात देव न्हाई."

बंधू काही बोलणार तेवढ्यात ही आतून बाहेर आली. "डीजेवाल्याला किती देणार होताव?" बंधूंनी आकडा सांगितला. तो मामांच्या आकड्याच्या चौपट होता. मग बंधूंनी मुकाट्यानं इसाराचे पैसे काढून दिले. लग्नात रात्रभर संबळ वाजलं. आजोबा थकले की नातू, नातू थकला की आजोबा. नातवाचे चार वर्गमित्र आले होते आणि ते दिवटीत तेल घालायला आपसात भांडत होते.

त्याच हिवाळ्यात मुलगी, जावई आणि नात मालेगावच्या यात्रेला आली. खंडोबाचं मालेगाव आता लोहा तालुक्यात मोडतं. पण लोहा वेगळा तालुका झाला तरी कंधारचा माणूस मालेगावला 'आपली यात्रा' म्हणायचं सोडत नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि मग माळरानावर जे काही भरतं, त्याला कलादालन म्हणा, विद्यापीठ म्हणा नाहीतर बाजार म्हणा. लाल कंधारी बैल, घोडे, उंट, गाढवं, घोंगड्या, भांडी, कुस्त्या. लोककलांचा आणि लावणीचा महोत्सव. जिकडे तिकडे भंडारा आणि 'यळकोट यळकोट जय मल्हार'. जावईबापूंनी शिरताना विचारलं, "बाबा, तिकीट कुठं काढायचं?" मी म्हटलं, "घोडा विकत घ्यायचा असला तरच पैसे. बघणं तुमच्याकडल्यासारखंच, फ्री."

एका झाडाखाली वाघ्या-मुरळीची जोडी उभी होती. डिमडी, घाटी आणि असा आवाज, की उंटसुद्धा रवंथ करायचा थांबला. आम्ही बराच वेळ ऐकत राहिलो. गाणं संपल्यावर वाघ्यानं कोटंबा पुढं केला. समोरची बरीच माणसं एकाएकी आभाळ न्याहाळू लागली. हिनं कमरेची पिशवी सोडली आणि पाचशेची नोट काढली. तिच्या पिशवीत पाचशेची नोट असते हे मला लग्नाला चव्वेचाळीस वर्षं होऊन पहिल्यांदा समजलं.

नात म्हणाली, "आजी, हे फ्री आहे ना? मग पैसे का दिले?"

"फुकट हाय मनून तर दिले," ही पिशवीचा बंद आवळत म्हणाली. "तिकीट असतं तर तुझ्या आजोबानं घासाघीस करून दहा रुपयांत बसवलं असतं."

जावईबापू हसले. वाघ्याही हसला. मी आभाळाकडे बघितलं. आभाळ तसं निरभ्रच होतं. मग मी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला.